ढाल घ्यावी की पॅरी?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या 2014च्या नियमांत रेपिअरवाल्या (पातळ, टोकदार तलवार) नव्या खेळाडूला हमखास पडणारा प्रश्न. इथे पॅरी म्हणजे 'डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट' हे फीट, म्हणजे पात्रासाठी निवडून घ्यायचं खास कौशल्य.

खर्चात ढाल जिंकते: 10 सोन्याची नाणी, विषय संपला. फीटसाठी डेक्स्टेरिटी (चपळाईचा गुण) किमान 13 हवी, शिवाय बहुधा चौथ्या लेव्हलची गुणवाढ सोडावी लागते. हा सौदा मला महागच वाटतो.

ढालीचे एसीवरचे (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) +2 प्रत्येक वाराला लागू, बाणालाही. पॅरी फक्त जवळून झालेल्या एकाच वाराला, आणि त्यात रिअॅक्शन (फेरीत एकदाच मिळणारी झटपट कृती) जाते. म्हणजे पळणाऱ्यावर फुकटचा वार नाही. पण पॅरी वार लागल्यावर वापरायची असते, हीच खरी मजा. पाचव्या लेव्हलला तुमचा एसी 16, ऑर्कच्या वाराची बेरीज (फासा अधिक बोनस) 18. ढाल असती तर एसी 18, तरी वार लागलाच असता. पॅरीने +3, एसी 19, वार हुकला! सतराव्या लेव्हलला हेच +6 होतं.

टोळक्यात घुसणाऱ्या फायटरने ढालच घ्यावी. एकट्या तगड्या शत्रूशी भिडायचं आणि दुसरा हात मोकळा हवा, तर पॅरी. 'रोग' (Rogue, चोरट्या चालीचं पात्र) याला ढालीचं प्रशिक्षण नसतं. पण त्याची 'अनकॅनी डॉज' (वाराचं नुकसान अर्ध्यावर आणणारी क्षमता) हीसुद्धा रिअॅक्शनच खाते, तेव्हा त्याने फीटवर उडी मारू नये.