२०३८ची अडचण: अनसाइन्ड ३२, ६४ बिट की नुसती वजाबाकी?

चिपळूणच्या पतसंस्थेने आज पंधरा वर्षांचं कर्ज दिलं, तर शेवटचा हप्ता २०३८च्या पलीकडे जातो. म्हणजे अडचण यायला, जुन्या सॉफ्टवेअरचं घड्याळ जिथे संपतं ती १९ जानेवारी २०३८ची सकाळी ८:४४ची वेळ गाठायची गरजच नाही. हप्त्यांचा तक्ता आजच फसतो. अशी सॉफ्टवेअरं वेळ १९७०पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा साइन्ड ३२ बिटांत, म्हणजे अधिक-उणे दोन्ही मावणाऱ्या चार बाइटच्या जागेत ठेवतात. सेकंद २,१४,७४,८३,६४७ झाले की पुढचा आकडा उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ला जाते.

स्वस्त उपाय अनसाइन्डचा, म्हणजे उणे आकडे ठेवायचेच नाहीत. चार बाइट तेवढेच राहतात, मुदत फेब्रुवारी २१०६पर्यंत वाढते. पण १९७०च्या आधीच्या तारखा उणे आकड्यांत असतात, त्यांना इथे जागाच नाही. जन्मतारखाही सेकंदांत ठेवणारी जुनी सॉफ्टवेअरं आहेत. त्यांच्या फाइलमधले तेच बिट अनसाइन्ड म्हणून वाचले, तर १९५५चे ठेवीदार २०९१ला जन्मतात. आजोबांना ज्येष्ठ नागरिकाचं जादा व्याज द्यायचं की बारशाची तयारी करायची? हिशेबाच्या कामाला हा पर्याय मी बाद धरतो.

६४ बिटांना दर तारखेमागे चार बाइट जास्त लागतात; एक कोटी नोंदींना जेमतेम ४० एमबी. खरी मेहनत वेगळीकडे आहे. डेटाबेसमधला तारखेचा कॉलम बिगइंट (६४ बिटांचा पूर्णांक) केला तरी मधला कोड किंवा एक्स्पोर्टची फाइल आकडा पुन्हा ३२ बिटांत कापू शकते. मायएसक्यूएल या डेटाबेसचा टाइमस्टॅम्प हा तारखेचा प्रकार तर २०३८लाच थांबतो. त्यातलाच दुसरा प्रकार, डेटटाइम, सन ९९९९पर्यंत जातो, पण टाइमझोनची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. तरी पतसंस्थेला ६४च घ्या, आणि बदल मार्चअखेर उरकल्यावर करा.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या बर्फ कारखान्यात आर्डुइनोवर (छोट्या कंट्रोलर बोर्डवर) तापमान मोजायचं असेल, तर माझं उत्तर उलटं. तिथला मिलिसेकंदांचा अनसाइन्ड काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, येऊ दे. ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ असं लिहिलं की अंतर बरोबर निघतं. ‘मागची वेळ अधिक दहा मिनिटं’ काढून तुलना केली की गडबड होते. आपल्याकडे लाइट जाते, बोर्ड रीस्टार्ट होतो आणि ही चूक झाकली जाते. इन्व्हर्टर लावला की पन्नासाव्या दिवशी उघडी पडते.

होडीवरच्या जुन्या जीपीएसचं दुखणं निराळं: आठवड्यांचा आकडा १० बिटांचा, दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येणारा. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ची. कंपनी नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) देत नसेल, तर रिसीव्हरच बदलावा लागेल.

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोरच वीस वर्षांचं कर्ज टाकून शेवटच्या हप्त्याची तारीख छापायला सांगा.