पाचशे वॅटचा स्पिंडल: मोटर चोख, डबा कच्चा

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनवर, कापणारं बिट फिरवणारी ही स्पिंडल मोटर घ्या, पण सोबत येणारा सप्लायचा डबा आहे तसा प्लगमध्ये खुपसू नका. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

'५०० वॅट, ० ते १०० व्होल्ट डीसी, १२,००० आरपीएम, ईआर-११ कॉलेट' असं लिहिलेला, कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला हा सेट ऑनलाइन मिळतो. कॉलेट म्हणजे बिटचा दांडा आवळून धरणारी नळी. ५२ मिलिमीटर व्यासाची ब्रशवाली मोटर, तिला धरायला अॅल्युमिनियमचा क्लॅम्प आणि जाळीच्या पत्र्याच्या डब्यात सप्लाय. वेगासाठी एक नॉब. मला मेअखेरीस साडेसात हजारांना पडला. फोंड्यात घरी आणून देणाऱ्या पोराने खोका उचलून बघत विचारलं, "पंप हाडला काय कितें?"

मी कुंडईच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करतो. दिवसभर दुसऱ्यांचे मीटर जुळवायचे आणि संध्याकाळी पडवीत स्वतःचे. मशीन मीच जोडलंय: आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, वर वायरी जोडायचा बोर्ड म्हणजे सीएनसी शील्ड, डीआरव्ही ८८२५ ड्रायव्हर, तिन्ही अक्षांना नेमा-१७ मोटरी. कामं घरगुती. दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, चवथीच्या मखराच्या पट्ट्या.

विकतच्या स्पिंडलकडे मी सहज वळलो नाही. आधी ७७५ मोटर लावली होती. तिच्या ५ मिलिमीटरच्या शाफ्टवर ग्रब स्क्रूने आवळायचा ईआर-११ होल्डर मिळतो. स्क्रू एका बाजूने आवळला जातो, म्हणजे होल्डर जन्मतःच कलता. डायल गेजवर, म्हणजे बारीकशी डुगडुगही मोजणाऱ्या मापकावर, काटा सरळ ०.२ मिलिमीटर नाचला. मग इरेला पेटलो. १२ मिलिमीटर दांड्याचा ईआर-११ होल्डर आणला, बेतोड्याच्या वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात दोन ६००१ बेअरिंगांची घरं काढून घेतली आणि पट्ट्यावर फिरवला. काम त्याने देखणं केलं, घाण मी केली. लचक जावी म्हणून बेअरिंगं इतकी दाबली की दहा मिनिटांत ठोकळ्याला हात लावणं मुश्कील. सैल केली की लचक परत. तीन रविवार त्यात गेले आणि चवथ जवळ आली.

आता विकतच्या मोटरविषयी. खोक्यातून काढून, कॉलेट जिथे बसतं त्या मोटरच्या आतल्या कोनावर गेज टेकवला, हाताने सावकाश फिरवली: ०.०२. या किमतीत मी खूश. मग सोबत आलेलं कॉलेट बसवलं, त्यात ३.१७५ मिलिमीटरची गुळगुळीत पिन धरली आणि तोंडापासून २० मिलिमीटर खाली मोजलं. ०.०८. म्हणजे मोटर सरळ आणि कॉलेट वाकडं. व्ही-बिट लावून सागवानावर 'श्री' काढला तर वेलांटीची बारीक रेघ मध्येच जाड झालेली, जणू टाकाचं टोक फाटलंय. वेगळं, जरा बऱ्यातलं कॉलेट मागवल्यावर तेच माप ०.०३ वर आलं. तेव्हा स्पिंडल डुगडुगतो अशी तक्रार करण्याआधी कॉलेट बदलून बघा. आणखी एक: कॉलेट आधी नटमध्ये टक् करून बसवायचं, मग नट मोटरवर. उलट केलंत तर चांगलं कॉलेटही तिरकं बसतं आणि निघताना आत अडकतं.

आवाज सौम्य. लाकूड कापायचे छोटे ट्रिम राउटर ३०,००० आरपीएमपर्यंत जातात आणि तसेच किंचाळतात. आमच्या वाड्यावर दुपारी ते चालणार नाही. ही मोटर घोंघावते, बस्स. मंद फिरवता येते हा दुसरा फायदा, नाहीतर अॅक्रिलिक वितळून बिटला गोळा चिकटतो. ताकद मात्र ५०० वॅटची वाटत नाही. एस ८०००, म्हणजे ८,००० फेऱ्यांचा हुकूम, दिल्यावर रिकामी ७,९०० फिरते, सागवानात २ मिलिमीटर खोल शिरली की टॅकोमीटर ६,५०० दाखवतो. वेग पडला म्हणून व्होल्टेज वाढवावं ही अक्कल डब्याला नाही. मी एका फेरीत एकच मिलिमीटर घेतो. दोन धारांचं बिट, १०,००० फेरे, दर धारेला ०.०४ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ८०० मिलिमीटर पुढे. फणसाला आणि सागवानाला हे हिशेब जमतात.

तर डबा. वायर दोनपदरी, अर्थचा पत्ता नाही. मी उत्साहात तो मशीनच्या फ्रेमवरच स्क्रूने बसवला होता. जूनचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, आई अनवाणी पडवीतला भुसा पुसत होती. म्हणाली, "अरे, ह्याला हात लागला की झिणझिण्या येतात." मीटर लावला तर फ्रेम आणि घरच्या अर्थिंगमध्ये १०४ व्होल्ट. फिल्टरच्या कपॅसिटरांची गळती. करंट नगण्य, पण ओल्या फरशीवर आईचे पाय आहेत म्हटल्यावर नगण्य या शब्दाला अर्थ उरत नाही. तीनपदरी वायर घातली, डबा, फ्रेम आणि स्पिंडलचा क्लॅम्प तिघांना अर्थ दिला. क्लॅम्पवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. स्क्रूखाली कानशीने खरवडून चकचकीत धातू दिसला तेव्हा कुठे कंटिन्युइटी आली. पडवीच्या बोर्डात, गळती होताच वीज तोडणारा, ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबीही टाकला. डबा उघडणार असाल तर प्लग काढून आधी कपॅसिटर मोजा. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाली की त्यावर ३२५ बसतात आणि लगेच उतरत नाहीत.

डब्याचं दुसरं दुखणं वेगाच्या सिग्नलचं. आर्डुइनोकडून पीडब्ल्यूएम (वेग सांगणारा चालू-बंद सिग्नल) घ्यायची सोय आहे, जंपर बदलायचा. सोबतच्या कागदावर त्याचा उल्लेख नाही. त्यात आपल्या सीएनसी शील्डवरची छपाई जीआरबीएलच्या जुन्या काळातली. आता वेगाचा पीडब्ल्यूएम ११ नंबरच्या पिनवर येतो आणि झेडचा, म्हणजे वर-खाली अक्षाचा, लिमिट (टोकाचा स्विच) १२ वर, शील्डवर मात्र नेमकं उलट छापलंय. त्यामुळे स्पिंडलची वायर 'झेड' लिहिलेल्या पिनेला जोडायची. मी छपाईवर विश्वास ठेवला आणि एक आख्खी संध्याकाळ डब्याला शिव्या घातल्या. ती चूक त्याची नव्हती. मग डॉलर ३० मध्ये, म्हणजे जीआरबीएलच्या कमाल वेगाच्या सेटिंगमध्ये, १२००० भरलं. एस ६००० ला ५० व्होल्ट यायला हवेत, आले ६१. आता तेवढी वजावट मी मनात ठेवतो.

पण खरा घाम फोडला तो जीआरबीएलच्या अलार्म १ ने. शेजाऱ्यांची पाटी, 'श्री शांतादुर्गा प्रसन्न', चाळीस मिनिटांचं काम. 'दु'चा उकार निम्मा झाला आणि मशीन जागच्या जागी गोठलं. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच दाबला गेला. स्विचच्या आसपास माशीसुद्धा नव्हती. पुन्हा झिरो घेऊन सुरू केलं, पुन्हा तेच. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट लिमिटच्या वायरीत शिरत होता, कारण मोटरची आणि स्विचची वायर मी एकाच ड्रॅग चेनमध्ये (वायरी नेणाऱ्या सरकत्या साखळीत) गळ्यात गळा घालून नेली होती. आर्डुइनोच्या आतला पुल-अप (पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, अशा गोंगाटापुढे तो लेचापेचाच. बाहेरून १ किलोओहमचा लावला, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, स्विच नॉर्मली क्लोज्ड करून डॉलर ५ ला (लिमिटचा सिग्नल उलटा वाचायच्या सेटिंगला) १, शील्डेड वायर एकाच टोकाला अर्थ केलेली आणि मोटरची वायर दुसऱ्या बाजूने. सगळा खर्च दोनशेच्या आत. त्यानंतर मखराच्या नऊ पट्ट्या सलग निघाल्या. शेजाऱ्यांची पाटी फणसाच्या नव्या फळीवर करून दिली. अर्ध्या 'दु'ची जुनी फळी अजून पडवीत आहे, तिच्यावर मी बिटं तपासतो.

मोटरला साडेचार तारे, डब्याला दीड, सोबतच्या कॉलेटला काही नाही. नुसती मोटर आणि क्लॅम्प मिळत असेल तर तेच घ्या आणि सप्लाय अर्थिंगवाला, वेगळा. रोज आठ तास चालवायचं असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. व्हीएफडीवरचा (फ्रिक्वेन्सी बदलून वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवरचा), ४०० हर्ट्झला २४,००० फिरणारा थ्री-फेज स्पिंडल घ्या. त्याला ब्रश नसतात.

इथे असतात, आणि सप्टेंबरात माझे संपले. या मापाचे कुठे मिळेनात. फोंड्याच्या एका रिवाइंडिंगवाल्याने ग्राइंडरचे ब्रश दिले, मी ते पॉलिश पेपरवर घासून मापात आणले, पंधरा मिनिटं बिनलोड मंद फिरवून बसू दिले. मोटरवर मार्करने तारीख लिहून ठेवली आहे.