क्लब रॅपचं कलेक्शन: गाणी पाच स्टार, मांडणी दोन

मी ज्या म्युझिक ॲपचं सबस्क्रिप्शन घेतलंय त्यावर अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांच्या क्लब रॅपचं, म्हणजे क्लबमध्ये नाचायला केलेल्या रॅपचं, मोठं कलेक्शन आलंय, मायामी बेस, न्यू ऑर्लिन्सचा बाउन्स, अटलांटाचा क्रंक आणि स्नॅप, सॅन फ्रान्सिस्को बे एरियाचा हायफी, बाल्टिमोर आणि जर्सी क्लब, सगळं एकाच ठिकाणी. गाणी एक नंबर निवडलीत. पण मांडणीची पार वाट लावलीय आणि मला राग आहे तो त्याचाच.

कारण या संगीतावर वर्षानुवर्षं तोच आरोप होत आलाय, की यात शब्दांना काही अर्थ नाही, नुसता धिंगाणा आहे, हे खरं हिप हॉप नव्हेच. 2006 च्या जानेवारीत अटलांटाच्या डी4एल ग्रुपचं 'लॅफी टॅफी' हे स्नॅप गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं आणि त्याच डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कचा रॅपर नास याचा 'हिप हॉप इज डेड' अल्बम आला, तेव्हा तर साउथवाल्यांनी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॅपर्सनी, हिप हॉप बुडवलं म्हणणारे जिकडेतिकडे होते. अरे पण ते स्नॅप नीट ऐका तरी! स्नेअर ड्रमच्या जागी साधी चुटकी, खाली 808 या ड्रम मशीनचा बेस, आणि मध्ये इतकी मोकळी जागा की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप हलायला लागतात. इतक्या कमी सामानात अख्खा फ्लोअर हलवायचा तर कुठला आवाज कधी पडला पाहिजे हे पक्कं ठाऊक लागतं, आणि माझ्या मते हे चांगल्या ओळी लिहिण्याइतकंच अवघड आहे.

ॲपने मात्र सगळ्यावर 'पार्टी रॅप' असं एकच लेबल चिकटवलंय. शफल आधीपासून ऑन, व्हॉल्यूम सारखा करणारं सेटिंगही ऑन, त्यामुळे क्रंकचा आरडाओरडा आणि लगेच मागून येणारं शांत स्नॅप एकाच पातळीवर ऐकू येतं आणि मग नवीन माणसाला वाटणारच की सगळं सारखंच आहे.

सगळ्यात भारी बाउन्सचा भाग. शोबॉइजचं 'ड्रॅग रॅप' 1986 चं, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या पोरांचं, पण ते डोक्यावर घेतलं न्यू ऑर्लिन्सच्या डीजेंनी आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्याच बीटवर बाउन्स उभा राहिला. म्हणजे गाणं एका शहराचं आणि त्यातून अख्खी स्टाइल घडवली दुसऱ्या शहराच्या नाचणाऱ्यांनी! तसंच ट्रिलव्हिल ग्रुपचं 2004 चं 'सम कट' घ्या, अटलांटाचं क्रंक, त्यातला तो पलंगाचा कुरकुर आवाज पुढे जर्सी क्लबवाल्यांनी उचलला आणि आता तो त्यांचीच ओळख झालाय. दोन्हीकडची गाणी कलेक्शनमध्ये आहेत पण इतकी लांब लांब की हा धागा कुणाच्या लक्षातच येणार नाही, माहितीची एक ओळसुद्धा दिलेली नाही. ज्यांना हे संगीत उथळ वाटतं त्यांना नेमकं हेच दाखवायला हवं होतं ना?

हायफीचा भाग तोकडा आहे, तिथला रॅपर ई-40 पुरेसा आहे पण दुसरा रॅपर मॅक ड्रे अजून हवा होता. बाल्टिमोरचा ठीक.

तरी घ्याच म्हणेन. शफल बंद करा, ते व्हॉल्यूमचं सेटिंग बंद करा, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका कारण 808 चा खालचा बेस तिथे येतच नाही, आणि सुरुवात बाउन्सपासून करा.