एस्थर डफ्लो आणि ज्याँ द्रेझ: गरिबीच्या अभ्यासाच्या दोन वाटा

दोघेही युरोपातले अर्थतज्ज्ञ, दोघांनीही भारतात भरपूर काम केलेलं. घडण मात्र वेगळी. डफ्लो पॅरिसच्या, आधी इतिहास शिकल्या, मग १९९९ मध्ये अमेरिकेत एमआयटीतून पीएचडी. बेल्जियमचे द्रेझ गणिती अर्थशास्त्र शिकून पीएचडीसाठी दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि २००२ मध्ये भारताचे नागरिकच झाले.

डफ्लोंचा प्रश्न नेमका असतो: हा उपाय लागू पडतो का? उदयपूर भागातल्या खेड्यांत त्यांनी सहकाऱ्यांसोबत लसीकरण तपासलं. कुठल्या गावात काय करायचं, हे सोडतीने ठरलं. काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के मुलांच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या, नियमित शिबिरं भरली तिथे १८ टक्के. शिबिरासोबत दर लसीला किलोभर डाळ आणि शेवटी ताटं दिली, तिथे थेट ३९ टक्के! इतकं स्वच्छ उत्तर फार कमी अभ्यासांतून मिळतं.

तरीही माझा कल द्रेझ यांच्याकडे आहे. १९७०-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सार्वजनिक कामं काढून भूकबळी कसे टाळले, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा हात होता. कायदा झाल्यावरही ते विद्यार्थ्यांना घेऊन कामांवर जात राहिले. मस्टरवरची नावं आणि मजुरांच्या हातात पडलेली मजुरी ताडून पाहत राहिले. कामाचा हक्क असावा की नसावा, हे सोडत टाकून ठरत नाही.