इंग्रजी–मराठी कोश की लर्नर्स डिक्शनरी?

इंदुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी माझी भाची विचारते, "मावशी, खजुरी बाजारातून इंग्रजी–मराठी कोश आणू की इंग्रजी–इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी?"

पैशांचा प्रश्न लवकर मिटतो. मोठ्या लर्नर्स डिक्शनऱ्या, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश, ऑनलाइन फुकट पाहता येतात, उच्चारासकट.

चित्रदर्शी क्रियापदांना मात्र मराठी कोशच जवळचा. 'लिम्प' म्हणजे लंगडणे, 'स्टॅगर' म्हणजे झोकांड्या खाणे. चाल लगेच डोळ्यांपुढे येते. इंग्रजी व्याख्या वाचून ती इतक्या चटकन येत नाही. 'राइज' आणि 'रेझ'चा घोळही वाढणे–वाढवणे या जोडीनं सुटतो.

पण 'से' आणि 'टेल' बघ. सांगणे हा अर्थ दोन्हींना लागतो, म्हणून आपली मुलं सर्रास 'ही सेड मी' लिहितात. 'टेल'नंतर व्यक्ती थेट येते, 'से'नंतर आधी 'टू' लागतो. 'अफेक्ट' बहुधा क्रियापद, 'इफेक्ट' बहुधा नाम. नुसतं 'परिणाम' वाचून हा फरक कळत नाही. लर्नर्स डिक्शनरीतल्या वाक्यांमधून तो उमगतो. मेहनत जास्त पडते, पण व्याख्या निवडक सोप्या शब्दांतच असतात.

वाचताना अडलीस तर मराठी कोश पुरेल. निबंध लिहायचा असेल तर लर्नर्स डिक्शनरीच उघड; तुझ्या परीक्षेसाठी मी तीच आधी घ्यायला सांगेन.