फोल्डामर की स्पायरोलिगोमर? प्रकल्प निवडण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. करायला राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाड नाहीतर कोल्हापूर गाठतात. त्यांच्यापैकी कुणाला पुढे हव्या त्या आकाराचे रेणू घडवायचे असतील, तर फोल्डामर आणि स्पायरोलिगोमर या दोन वाटा नीट पारखून घ्याव्यात.

फोल्डामर ही आपोआप घडी घेणारी साखळी. १९९६ मध्ये झुरिकला सीबाख आणि अमेरिकेत गेलमन या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी दाखवलं, की बीटा-अमिनो आम्लांच्या (नेहमीच्या अमिनो आम्लांपेक्षा कण्यात एक कार्बन जास्त) जेमतेम सहा दुव्यांचीसुद्धा पक्की हेलिक्स, म्हणजे मळसूत्री घडी, होते. दुव्यात सहा कार्बनांचं ट्रान्स वलय घातलं तर १४-हेलिक्स, पाचाचं घातलं तर १२-हेलिक्स. हा आकडा हायड्रोजन बंधाने मिटणाऱ्या वलयातल्या अणूंचा. म्हणजे कागदावर दुव्यातलं वलय बदललं की आकार बदलतो, याहून सुंदर काय हवं? शिवाय सगळं काम रेझिनवर (साखळी धरून ठेवणाऱ्या घन मण्यांवर), नेहमीच्या पेप्टाइडसारखं होतं. अडचण एकच: घडी द्रावकावर अवलंबून असते. मेथॅनॉलमध्ये छान दिसलेली हेलिक्स पाण्यात सैल पडू शकते.

स्पायरोलिगोमरला घडी घालावीच लागत नाही. रसायनशास्त्रज्ञ शाफमाइस्टर यांच्या या रेणूंत शेजारचे दोन दुवे एका नव्हे, दोन अमाइड बंधांनी जोडलेले असतात. एका खिळ्यावरची फळी फिरते, दोन खिळ्यांवरची फिरत नाही, तसंच हे. आकार ठरतो तो दुव्यांच्या स्टिरिओकेमिस्ट्रीवर, म्हणजे अणूंच्या अवकाशातल्या मांडणीवर. दुव्याचे चार स्टिरिओआयसोमर (अणू तेच, मांडणी वेगळी) हाताशी असले, तर तीन दुव्यांत ६४ वेगळे सांगाडे. पण हे दुवे हायड्रॉक्सिप्रोलीनपासून अनेक पायऱ्या चढून स्वतः बनवावे लागतात, आणि सगळा वेळ तिथेच जातो.

गंमत म्हणजे दोन्ही कुळांनी एकच कुलूप उघडून पाहिलंय. पेशीतल्या पी५३ या प्रथिनाची हेलिक्स एचडीएम२ या दुसऱ्या प्रथिनाच्या खाचेत फिनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन आणि ल्युसिन या अमिनो आम्लांचे तीन गट रोवते. तेच गट तसेच मांडून बीटा-पेप्टाइडही तिथे बसलं आणि स्पायरोलिगोमरही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला माझं मत फोल्डामरच्या बाजूने आहे. दुवे विकत मिळतात, पुण्यात एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्थांमध्ये या विषयावर काम झालेलं आहे, आणि सहा महिन्यांत हातात काहीतरी पडतं. पीएच.डी.ची पाच वर्षं आणि सिंथेसिसची खरी ओढ असेल, तर मात्र स्पायरोलिगोमरच घ्या. आकाराची एवढी खात्री दुसरीकडे मिळणार नाही. गाइडना आधी एवढं विचारा: एनएमआर यंत्रावर नोएसीसाठी (कोणते अणू एकमेकांजवळ आहेत हे दाखवणाऱ्या प्रयोगासाठी) वेळ मिळेल का? आकार सिद्ध करायला दोन्हीकडे तोच लागतो.