‘बी वॉशिंग्टन’ : सेनापतीचा निर्णय मुलांच्या हातात

मी तासगावात नववी-दहावीला इतिहास शिकवते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सनावळ्या मुलं घडाघडा म्हणतात, पण सेनापती रात्री तंबूत बसून नक्की काय करतो, हे त्यांना पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी मला ‘बी वॉशिंग्टन’ (म्हणजे ‘वॉशिंग्टन व्हा’) हे खेळाचं साधन सापडलं आणि आता ते माझ्या तासाचा भागच झालं आहे.

व्हर्जिनियात माउंट व्हर्नन इथे या युद्धातला अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचं राहतं घर आहे. तिथल्या संग्रहालयाने खास दालनासाठी केलेला हा खेळ इंटरनेटवर मोफत आहे. व्हिडिओतून दाखवलेले प्रसंग चार : दोन युद्धातले, दोन तो राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतरचे. सल्लागार आपापली बाजू मांडतात, निर्णय तुम्ही घ्यायचा. त्याने प्रत्यक्षात काय केलं, ते नंतरच कळतं.

वर्गासाठी मी ट्रेंटनचा प्रसंग निवडते. 2 जानेवारी 1777. समोर असनपिंक ओढ्यापलीकडे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस, मागे बर्फाचे तुकडे वाहणारी डेलावेअर नदी. कितीतरी सैनिकांच्या नोकरीची मुदत दोनच दिवसांपूर्वी संपलेली. दहा डॉलर जादा देऊन त्यांना थांबवून घेतलेलं. इथे मी व्हिडिओ थांबवते आणि वर्ग पेटतो! ‘गनिमी कावा करायचा’ असं मागच्या बाकांवरून हमखास येतं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली : ‘‘बाई, पण एवढ्या चिखलातून तोफा कशा न्यायच्या?’’ मला इतका आनंद झाला! वॉशिंग्टनपुढेही तोच पेच होता. त्या रात्री कडाक्याची थंडी पडून रस्ते गोठले, तोफांच्या चाकांना कापड गुंडाळलं, शेकोट्या पेटत्या ठेवायला थोडी माणसं मागे राहिली आणि बाकी फौज आडवाटेने प्रिन्स्टन गावातल्या ब्रिटिशांवर चालून गेली. सकाळी कॉर्नवॉलिससमोर रिकामा तळ.

हाच कॉर्नवॉलिस 1781 मध्ये यॉर्कटाउनला हरला आणि पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. मे 1791 मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणहून उपाशीपोटी माघारी फिरलेल्या त्याच्या फौजेला दाणागोटा मिळाला तो मराठा सरदार हरिपंत फडके आणि आमच्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या छावणीत. हे मी सांगितलं की तासगावच्या पोरांचे डोळे चमकतात. खेळात हे अर्थातच नाही, ते आपण जोडायचं.

सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या वर्गात एकेका सल्लागारानंतर थांबून समजावावं लागतं. एका तासात उरकायला जाऊ नका, जोडतास घ्या. आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगते : स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या या माणसाच्या घरी शेकडो गुलाम राबत होते, आणि विल्यम ली हा त्याचा गुलाम युद्धभर त्याच्या सोबत होता. मुलांना मोठा माणूस दाखवायचा तर पूर्ण दाखवावा.

दहावीला न्यूबर्गच्या छावणीतला प्रसंग जास्त मानवतो. मार्च 1783, पगार थकलेले, लष्करी अधिकारी काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेवर, दबाव आणण्याच्या बेतात. तिथे वॉशिंग्टनने तलवारीला हात लावला नाही, पत्र वाचायला खिशातून चष्मा काढला. त्याला चष्म्यात आजवर फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. ट्रेंटन आधी घ्या, मग न्यूबर्ग. नदीकाठचा सेनापती पाहिलेला असला की हा चष्म्याचा प्रसंग मुलांना जास्त भिडतो.